जॉन ब्राउनिंग : विश्वासार्ह पिस्तुलाचा शिल्पकार

भारतीय लष्करातील अधिकारी आणि अनेक पोलीस दले ज्या ९ मिलिमीटर पिस्तुलाचा वापर करीत आली आहेत, ते पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होते. मात्र त्याच्या रचनेचे मूळ अमेरिकेच्या युटा प्रांतातील एका लहानशा दुकानात आहे. त्या दुकानात वाढलेले जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी या पिस्तुलाचा पाया घातला. ते पूर्णत्वास गेलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये कारखान्यात काम करीत असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा या पिस्तुलाचे काम अर्धवट होते.

ब्राउनिंग यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. रायफल, शॉटगन, मशीनगन आणि पिस्तूल या चारही प्रकारांत त्यांनी मूलभूत काम केले. तरीही सैनिक आणि पोलीस यांच्या दृष्टीने त्यांचे सर्वात मोठे योगदान कोणते, असे विचारले तर उत्तर पिस्तूल हेच येते. रायफल हे सैनिकाचे नेहमीचे शस्त्र असते. पिस्तूल वर्षानुवर्षे कमरेला असते, बहुतेक वेळा ते चालवावे लागत नाही आणि जेव्हा चालवावे लागते, तेव्हा दुसरा मार्ग उरलेला नसतो. पाऊस, घाम, धूळ आणि दुर्लक्ष सोसूनही त्या एका क्षणी ते चालले पाहिजे. शिवाय ते हातात नीट बसले पाहिजे, कारण नेम धरण्यास सवड नसते. टिकाऊपणा आणि हाताशी जुळणारी घडण या दोन कसोट्यांना उतरणारे पिस्तूल देण्यात ब्राउनिंग यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे गेली.

दुकानातील बालपण

जॉन ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी युटामधील ऑग्डेन येथे झाला. त्यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनविणारे कुशल कारागीर होते. मॉर्मन पंथाचा स्वीकार केल्यानंतर पंथाच्या इतर अनुयायांबरोबर पश्चिमेकडे निघालेले जोनाथन १८५२ मध्ये युटात पोहोचले आणि ऑग्डेनला स्थायिक झाले. त्यांना तीन पत्नींपासून २२ अपत्ये झाली. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ बंदुकांची दुरुस्ती, लोहारकाम आणि मिळेल ते किरकोळ काम यांवर चालत असे.

जॉन यांचे शिक्षण बेताचेच झाले. त्यांची खरी शाळा म्हणजे वडिलांचे दुकान. मोडक्या बंदुकांचा ढीग तेथे नेहमी पडलेला असे. कोणता भाग कशामुळे मोडतो, कोणता खटका झिजतो, कोणती स्प्रिंग दगा देते, हे या मुलाने पुस्तकातून नव्हे, तर दुरुस्तीला आलेल्या मालातून शिकून घेतले. वयाच्या दहाव्या वर्षी टाकून दिलेल्या नळीला कुऱ्हाडीने घडविलेला लाकडी दस्ता जोडून त्यांनी पहिली बंदूक तयार केली आणि धाकटा भाऊ मॅट याच्यासह ते रानकोंबड्यांच्या शिकारीला गेले, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते.

दुरुस्तीच्या या कामाचा संस्कार त्यांच्यावर अखेरपर्यंत राहिला. नवे शस्त्र तयार करताना ते कागदावर सविस्तर आराखडे क्वचितच काढीत. यंत्राच्या सर्व हालचाली ते आधी मनात जुळवीत आणि नंतर पत्र्याचे किंवा पोलादाचे नमुने कापून त्या तपासून पाहत. भाऊ एड त्यांना प्रत्यक्ष नमुना घडविण्यात मदत करीत असे.

विंचेस्टरशी गाठ

१८७८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जॉन यांनी एका वेळी एक गोळी झाडणाऱ्या रायफलीची रचना केली. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी रेचेल टेरेसा चाइल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. कुटुंबाची जबाबदारी आता भावांवर आली. त्यांनी ऑग्डेनमध्येच लहानसा कारखाना उभारला आणि काहीशे रायफली बनवून विकल्या.

त्यांपैकी एक रायफल विंचेस्टर या नामवंत कंपनीच्या विक्रेत्याच्या हाती लागली. तिची रचना पाहून कंपनीचे वरिष्ठ अधिकारी टी. जी. बेनेट १८८३ मध्ये स्वतः ऑग्डेनला आले. आठ हजार डॉलरमध्ये त्यांनी रायफलीचे हक्क विकत घेतले. पुढील १९ वर्षे ब्राउनिंग नमुने तयार करीत आणि विंचेस्टर ते विकत घेई. या काळात चाळीसहून अधिक रचना कंपनीने घेतल्या. त्यांतील अनेक कधीच बाजारात आल्या नाहीत. त्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत, एवढ्यासाठीच त्या घेतल्या गेल्या होत्या. जे नमुने बाजारात आले, त्यांपैकी १८९४ च्या रायफलीचा सत्तर लाखांहून अधिक खप झाला.

या भरभराटीच्या काळातही १८८७ ते १८८९ ही दोन वर्षे त्यांनी कामापासून दूर काढली. पंथाच्या नियमाप्रमाणे धर्मप्रसारासाठी ते जॉर्जिया प्रांतात गेले होते. परतल्यावर त्यांच्या कामाने नवे वळण घेतले.

गवताच्या पात्यांवरून सुचलेली कल्पना

१८८९ मध्ये ऑग्डेनजवळ नेमबाजी चालू असताना, बार उडाल्यावर नळीच्या तोंडातून निघालेल्या वायूने समोरचे गवत मोडून वाकते, हे ब्राउनिंग यांनी पाहिले. हे दृश्य त्यांच्याआधी हजारो लोकांनी पाहिले असेल. त्यांच्या मनात मात्र वाया जाणाऱ्या या शक्तीचा विचार आला. हीच शक्ती वापरून रिकामे काडतूस बाहेर टाकता येईल आणि नवे आत घेता येईल, असे त्यांना वाटले. त्यांनी लगेच एका रायफलीत तशी जोडणी करून पाहिली आणि ती चालली. पुढे कोल्ट कंपनीने याच तत्त्वावरील त्यांची मशीनगन तयार केली. ती १८९५ च्या नमुन्याची म्हणून ओळखली जाते.

त्यानंतर ते पिस्तुलाकडे वळले. तोपर्यंत सैनिक आणि पोलीस यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असे. रिव्हॉल्व्हर भरवशाचे असले तरी त्याच्या फिरत्या चक्रात बहुधा सहाच गोळ्या मावत, ते पुन्हा भरण्यास वेळ लागे आणि चक्रामुळे त्याची जाडी वाढे. गोळी झाडल्यावर आपोआप भरले जाणारे पिस्तूल हा त्यावरील उपाय होता. युरोपात अशी पिस्तुले बनू लागली होती. परंतु ती गुंतागुंतीची होती आणि धूळ-मातीत अडकत असत.

ब्राउनिंग यांनी या प्रश्नाची उकल साधेपणाने केली. नळी झाकून टाकणारा, मागे-पुढे सरकणारा पोलादी भाग, ज्याला आज स्लाइड म्हणतात, तो त्यांच्या पिस्तुलांमुळे रूढ झाला. कमी ताकदीच्या काडतुसासाठी स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग पुरेशी होती. जोरदार काडतुसासाठी त्यांनी नळी आणि स्लाइड खाचांनी एकमेकींत गुंतविली. बार उडाल्यावर दोन्ही थोडे अंतर एकत्र मागे येतात, गोळी नळीबाहेर पडून आतील दाब उतरतो, मग नळी खाली झुकून मोकळी होते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन पुढचे काडतूस घेऊन येते. १८९७ मध्ये त्यांना या पिस्तुलांची पेटंटे मिळाली. त्याच वर्षी बेल्जियममधील फाब्रिक नासिओनाल म्हणजेच एफएन या कंपनीशी त्यांचा करार झाला. अमेरिकेत त्यांची पिस्तुले कोल्ट कंपनी तयार करू लागली.

एफएनचे पहिले ब्राउनिंग पिस्तूल बेल्जियमच्या लष्कराने १९०० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी स्वीकारले. ते ७.६५ मिलिमीटरचे, चपटे आणि सुटसुटीत होते. १९१४ पर्यंत एफएनने दहा लाख ब्राउनिंग पिस्तुले तयार केली. बेल्जियमच्या राजाने त्यांना किताब देऊन गौरविले. फ्रान्समध्ये तर ब्राउनिंग हा शब्द पिस्तुलाला पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला.

१९०२ मध्ये विंचेस्टरशी त्यांचे संबंध तुटले. आपोआप भरल्या जाणाऱ्या नव्या शॉटगनसाठी त्यांना एकरकमी किमतीऐवजी प्रत्येक नगामागे मानधन हवे होते. कंपनीने ते नाकारले. ब्राउनिंग यांनी नमुना घेतला आणि बेल्जियम गाठले. या शॉटगनचे उत्पादन नंतर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले.

नाशिक आणि अलाहाबाद

ब्राउनिंग हे नाव महाराष्ट्राने फार लवकर ऐकले. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत मुंबईला पाठविली. पेटीच्या चोरकप्प्यात लपवून ती आणण्यात आली होती. चपटी आणि लहान असल्यामुळे ती लपविणे शक्य झाले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात संगीत शारदा नाटकाच्या प्रयोगास आलेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्यांपैकी एका पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. जॅक्सन मरण पावले. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पिस्तुले पाठविल्याचा आरोप सावरकरांच्या खटल्यातही महत्त्वाचा ठरला.

२७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये पोलिसांशी झुंजताना चंद्रशेखर आझाद यांना वीरमरण आले. त्यांच्या हातातील कोल्ट पिस्तुलाची रचनाही ब्राउनिंग यांचीच होती. ते पिस्तूल अलाहाबाद संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.

शस्त्र ज्याच्या हाती पडते त्याचे होते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांची गाव्ह्रिलो प्रिन्सिप याने हत्या केली, ती एफएनच्या १९१० च्या ब्राउनिंग पिस्तुलाने. त्या घटनेतून पहिले महायुद्ध पेटले. त्यानंतर दोनच महिन्यांत ब्राउनिंग यांची पिस्तुले बनविणारा लिएजजवळचा कारखाना जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला.

फिलिपाइन्सचा धडा

ब्राउनिंग यांचे सर्वाधिक गाजलेले पिस्तूल एका लष्करी अपयशातून जन्मले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेचे सैन्य फिलिपाइन्समध्ये लढत होते. तेथील मोरो लढवय्ये तलवार आणि सुरे घेऊन अगदी जवळून हल्ला चढवीत. सैन्याकडील ०.३८ इंच व्यासाच्या रिव्हॉल्व्हरच्या अनेक गोळ्या लागूनही हल्लेखोर थांबत नाहीत, अशा तक्रारी येऊ लागल्या. अखेर जुनी, ०.४५ इंची रिव्हॉल्व्हरे कोठारातून पुन्हा बाहेर काढावी लागली.

१९०४ मध्ये लष्कराचे अधिकारी जॉन थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर लुई लागार्ड यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. शिकागो येथे जनावरांवर आणि मृतदेहांवर केलेल्या चाचण्यांनंतर त्यांनी ०.४५ इंचापेक्षा लहान गोळी नसावी, अशी शिफारस केली. ब्राउनिंग यांनी कोल्ट कंपनीसाठी त्या व्यासाचे काडतूस आणि पिस्तूल तयार करण्यास घेतले.

१९०७ मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांत अनेक पिस्तुले उतरली. शेवटी स्पर्धा कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांत उरली. या काळात ब्राउनिंग यांनी आपल्या पिस्तुलात सतत सुधारणा केल्या. नळीला धरून ठेवणाऱ्या दोन दुव्यांऐवजी त्यांनी मागील बाजूला एकच दुवा ठेवला. मुठीचा कोन बदलला. मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप ओढला जाणार नाही, अशी सोय केली. घोडदळाच्या मागणीवरून अंगठ्याने चालणारा सुरक्षेचा खटका बसविला. घोडेस्वाराचा एक हात लगामावर असतो. घोडा बिथरला, तर भरलेले पिस्तूल त्याला त्याच एका हाताने सुरक्षित करता आले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

सहा हजार फैरींची परीक्षा

मार्च १९११ मध्ये अंतिम चाचणी झाली. एकाच पिस्तुलातून सहा हजार फैरी झाडावयाच्या होत्या. शंभर फैरी झाल्या की पिस्तूल पाच मिनिटे निवू द्यावयाचे आणि हजार फैरी झाल्या की ते साफ करून तेल द्यावयाचे, असा नियम होता. त्यानंतर सदोष काडतुसे, गंज, वाळू आणि चिखल यांची कसोटी होती. चाचणीत पिस्तूल इतके तापे की ते निवविण्यासाठी पाण्यात बुडवावे लागे. सॅव्हेजच्या पिस्तुलात ३७ वेळा बिघाड झाला. ब्राउनिंग यांच्या पिस्तुलात एकदाही नाही. या चाचणीसाठी पाठवावयाच्या पिस्तुलाच्या जुळणीवर त्यांनी हार्टफर्ड येथील कोल्टच्या कारखान्यात स्वतः लक्ष ठेवले होते. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकेच्या लष्कराने हे पिस्तूल स्वीकारले. एम १९११ या नावाने ते प्रसिद्ध झाले.

या यशाचे रहस्य समजून घेण्यासारखे आहे. चालत्या भागांत त्यांनी थोडी मोकळीक ठेवली होती. त्यामुळे वाळूचा कण आत गेला तरी स्लाइड अडकत नसे. अतिशय घट्ट जुळणीचे पिस्तूल निशाणावर अधिक अचूक ठरते. परंतु खंदकातील चिखलात तेच आधी बंद पडते. झिजणारे भाग कोणते, याचा विचार रचनेतच केलेला होता. स्प्रिंगचा जोर कमी झाला की प्रत्येक बाराला स्लाइडचा आघात पिस्तुलाच्या सांगाड्यावर बसू लागतो. स्वस्त स्प्रिंग वेळेवर बदलली, तर महागडा सांगाडा वाचतो. दुरुस्तीसाठी वेगळी हत्यारेही लागत नसत. पिस्तुलाचेच भाग वापरून ते पूर्ण सुटे करता येत असे. वडिलांच्या दुकानात मोडक्या बंदुका पाहत वाढलेल्या माणसाचा हा अनुभव होता.

पहिल्या महायुद्धात या पिस्तुलाची कसोटी लागली. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गोन येथे संगिनी घेऊन धावून आलेल्या सहा जर्मन सैनिकांना कॉर्पोरल अल्व्हिन यॉर्क यांनी याच पिस्तुलाने रोखले. त्या दिवसाच्या पराक्रमासाठी त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

लहान हातांची तक्रार

युद्धात आणखी एक गोष्ट लक्षात आली. पिस्तूल भक्कम होते, परंतु ते सर्वांच्या हातात सारखे बसत नव्हते. लहान हाताच्या सैनिकांचे बोट चापापर्यंत नीट पोहोचत नसे. घाईत झाडलेली गोळी अनेकदा खाली जाई. मागे येणारा हातोडा अंगठ्याजवळील कातडीला चिमटा काढी.

यावर १९२०च्या दशकात लष्कराने सुधारणा केल्या. चाप आखूड करण्यात आला. चापाच्या मागे सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट भाग कापण्यात आला, त्यामुळे बोट सहज पोहोचू लागले. मुठीची मागील बाजू फुगीर करण्यात आली, म्हणजे हात सरळ करताच नळी आपोआप वर उचलली जाई. कातडी चिमटू नये म्हणून मागील पट्टी लांब करण्यात आली. पुढची माशी रुंद केली गेली. १९२६ पासून हा सुधारित नमुना एम १९११ ए १ म्हणून ओळखला गेला. आतील यंत्रणेला मात्र कोणी हात लावला नाही.

दोन्ही नमुने मिळून सुमारे २७ लाख पिस्तुले अमेरिकेच्या लष्कराने घेतली. १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचे ९ मिलिमीटर पिस्तूल स्वीकारले जाईपर्यंत, म्हणजे ७४ वर्षे, हेच तेथील मुख्य लष्करी पिस्तूल होते.

महायुद्धातील मशीनगन आणि मोबदला

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तिच्या सैन्याकडे पुरेशा मशीनगन नव्हत्या. ब्राउनिंग यांनी दोन शस्त्रे तयार ठेवली होती. एक पाण्याने थंड राहणारी मशीनगन आणि दुसरी एका माणसाला वाहून नेता येणारी स्वयंचलित रायफल. मे महिन्यातील चाचणीत त्यांच्या मशीनगनने २० हजार फैरी विनाअडथळा झाडल्या. दुसरी मशीनगन ४८ मिनिटे १२ सेकंद अखंड चालू राहिली. त्यांचे पुत्र व्हाल ब्राउनिंग यांनी सैन्यात दाखल होऊन फ्रान्समध्ये ही मशीनगन प्रत्यक्ष वापरली.

युद्धकाळातील हक्कांसाठी सरकारने ब्राउनिंग यांना साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगामागे मानधन घेतले असते, तर ही रक्कम कितीतरी पटींनी वाढली असती. त्यांनी घासाघीस न करता होकार दिला. आपण वयाने लहान असतो तर फ्रान्समध्ये चिखलात असतो, अशी त्यांची भावना होती, असे कुटुंबीय सांगत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या पंखांत प्रत्येकी आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या. त्यांच्या अखेरच्या काळातील ०.५० इंची जड मशीनगन तर एकविसाव्या शतकातही अनेक देशांच्या सैन्यांत कायम आहे.

अपुरे राहिलेले पिस्तूल

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीस फ्रान्सच्या लष्कराला जास्त गोळ्या मावणारे नवे पिस्तूल हवे होते. एफएनने हे काम ब्राउनिंग यांच्याकडे सोपविले. आपल्या जुन्या पिस्तुलाची पेटंटे कोल्टकडे असल्यामुळे त्यांना स्वतःच्याच कल्पना टाळून नवी वाट शोधावी लागली. १९२३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. एफएनचे तरुण रचनाकार द्यूदोने सेव्ह यांनी गोळ्या दोन रांगांत बसविणारे मॅगझिन तयार केले होते. त्यामुळे मूठ फारशी जाड न होता १३ गोळ्या मावू लागल्या.

नोव्हेंबर १९२६ मध्ये ब्राउनिंग नेहमीप्रमाणे हर्स्टालला आले. २६ तारखेला कारखान्यातच त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि पुत्र व्हाल यांच्या कार्यालयात त्यांनी प्राण सोडला. ते ७१ वर्षांचे होते. त्यांचे पार्थिव ऑग्डेनला नेण्यात आले. या पिस्तुलाचे पेटंट तीन महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९२७ रोजी मंजूर झाले.

पुढील काम सेव्ह यांनी केले. १९२८ मध्ये कोल्टकडील पेटंटांची मुदत संपल्यावर त्यांनी एम १९११ मधील चांगले भाग नव्या पिस्तुलात आणले. नळी खाली ओढणाऱ्या हलत्या दुव्याऐवजी नळीखालीच कोरलेली ठोस खाच आली. हलणारा एक भाग कमी झाला आणि टिकाऊपणा वाढला. १९३५ मध्ये बेल्जियमने हे पिस्तूल स्वीकारले. हाय पॉवर हे त्याचे नाव.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम व्यापल्यावर एफएनच्या कारखान्यातील पिस्तुले जर्मन सैन्याला मिळू लागली. दुसरीकडे कॅनडातील टोरंटो येथे जॉन इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल चीन, कॅनडा आणि ब्रिटनसाठी बनविले. दोन्ही बाजूंनी एकच पिस्तूल वापरल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. युद्धानंतर पन्नासहून अधिक देशांनी ते घेतले. भारतातील ईशापूरचे पिस्तूल याच कॅनडातील नमुन्यावर बेतलेले आहे. त्याला लागणारी ९ मिलिमीटरची काडतुसे ज्या कारखान्यांत तयार होत आली, त्यांत पुण्याजवळचा खडकी येथील दारूगोळा कारखानाही आहे.

उणिवा आणि वारसा

हाय पॉवर निर्दोष नव्हते. मॅगझिन काढल्यावर गोळी उडू नये म्हणून केलेल्या योजनेमुळे चाप जड झाला. सुरक्षेचा खटका लहान होता. जास्त जोराची काडतुसे सतत वापरल्यास सांगाडा लवकर झिजे. ब्रिटनने १९५४ पासून वापरलेले हे पिस्तूल २०१३ मध्ये बदलण्याचा निर्णय घेतला. त्याजागी हलके, १७ गोळ्यांचे आणि अधिक चटकन चालविता येणारे ग्लॉक पिस्तूल आले. कॅनडानेही २०२२ नंतर ते निवृत्त केले. एफएनने मूळ हाय पॉवरचे उत्पादन २०१८ पर्यंत थांबविले होते.

परंतु जागा घेणारी पिस्तुलेही ब्राउनिंग यांच्याच घराण्यातील आहेत. ग्लॉकची नळी बार उडाल्यावर त्याच पद्धतीने खाली झुकते. अमेरिकेने १९८५ मध्ये घेतलेल्या बेरेटाची यंत्रणा वेगळी होती आणि तिची जाड मूठ लहान हातांना अडचणीची ठरत असे. २०१७ मध्ये तेथील लष्कराने निवडलेल्या सिग कंपनीच्या पिस्तुलात झुकणारी नळी परत आली आणि मूठही लहान, मध्यम व मोठी अशी बदलण्याची सोय झाली. पोलीस आणि सैन्यदलांत महिलांची संख्या वाढत असताना या सोयीचे महत्त्व सहज लक्षात येते. ज्या तक्रारीसाठी १९२०च्या दशकात पोलाद कापावे लागले, तिचे उत्तर आता सुटी मूठ देते.

ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत ब्राउनिंग यांच्या शस्त्रांचे संग्रहालय आहे. उंच, टक्कल पडलेला, मितभाषी आणि सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर नेमबाजीत रमणारा हा माणूस आपल्या कामाविषयी फारसे बोलत नसे. त्यांच्या शस्त्रांनी असंख्य सैनिकांचे आणि पोलिसांचे प्राण वाचविले, तसेच असंख्य माणसांचे प्राण घेतले. त्यांच्या चरित्राचा विचार करताना या दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. मात्र कर्तव्यावर असलेल्या माणसाच्या हाती दिलेले साधन गरजेच्या क्षणी दगा देता कामा नये, हा त्यांनी घालून दिलेला दंडक शंभर वर्षांनंतरही बदललेला नाही. कोणत्याही देशात नवे पिस्तूल निवडताना आजही हजारो फैरी झाडल्या जातात, ते वाळूत आणि चिखलात घोळविले जाते आणि मगच ते जवानाच्या हाती पडते.